फुरसुंगीचा बन्या, पालगडचा श्याम

मुलांनो, मागच्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीचं पत्र आलं. ‘तुमचा पुस्तकातला सगळ्यात आवडता मुलगा कोण? एकच नाव सांगायचं, दोन नाही!’ असा तिनं मला दमच दिलाय. आली का पंचाईत! दोन दिवस विचार केला, पण नावं दोनच निघतात. एक, मला जो व्हायचं होतं तो. दुसरा, मी जो होतो तो. दुसऱ्याचं नाव सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते, म्हणून आधी पहिल्याचं सांगून टाकतो.

पहिला अर्थातच फास्टर फेणे! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ बन्या. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा काटकुळा पोरगा. सायकलवर टांग टाकली की वाऱ्यासारखा सुटणार आणि जिभेनं ‘ट्टॉक’ असा आवाज काढणार. १९८७ मध्ये दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता, आणि २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. आम्हाला मात्र तो त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या कपाटात सापडला.

आमचं गाव भोकर. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी गाडी तेव्हा मीटरगेजची होती. आठवडी बाजारात मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालायची. शाळेचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, शनिवारी उघडणारं. त्यातलं फास्टर फेणेचं पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात इतकं फिरलं होतं की त्याचा पुठ्ठा कधीच गळून पडला होता. मी आणि माझा दोस्त वर्गात ‘ट्टॉक’चा सराव करायचो आणि मग बाकावर उभे राहायचो. एकदा सीताखांडीचा घाट सायकलवरून उतरायचा बेत ठरला. भाड्याची सायकल घेतली, निघालो. गावाबाहेर चेन पडली. ती बसवेपर्यंत तास संपला. झालं आमचं साहस!

दुसरा श्याम. ‘श्यामची आई’मधला. हसू नका! मलाही ते पुस्तक नको होतं. त्या शनिवारी कपाटात दुसरं काही उरलंच नव्हतं. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. १९३५ साली छापून आलं. श्याम म्हणजे कोकणातल्या पालगडचे स्वतः गुरुजीच. रोज रात्री एक, अशा बेचाळीस रात्रींच्या आठवणी आहेत त्यात.

माझ्या मायला वाचता येत नव्हतं. दिवसभर कापसात खुरपून यायची, भाकरी थापायची, आणि चुलीजवळ मला म्हणायची, “वाच की रे मोठ्यानं. मनातल्या मनात वाचून मला काय कळंल?” मग मीही रोज एक रात्र वाचू लागलो.

आता विहिरीचं सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकत. मुटके मारत. मी जात नसे. कोणी विचारलं की माझं उत्तर तयार, “माय नको म्हणते.” आणि ते खोटं नव्हतं. मायचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, विहिरीतच गेला होता. पण खरं कारण वेगळं होतं. मला पाण्याची जाम भीती वाटायची! मायचा नकार माझ्या फार सोयीचा होता. दोस्त बोलवायला आले की मी शिडीवरून माळवदावर जाऊन लपायचो आणि खालून मायचा आवाज ऐकायचो, “नाही रे बाबांनो, तो नाही येणार.”

दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी ‘श्यामचे पोहणे’ हे प्रकरण आलं. श्याम पोहायला घाबरतो. मुलं बोलवायला येतात, तर हा पठ्ठ्या घरात लपून बसतो! मी वाचता वाचता थांबलोच. माझी चुगली पालगडला कुणी केली?

“थांबलास कामून? पुढं वाच,” माय म्हणाली.

पुढं तर श्यामची आई त्याला शोधून काढते, छडीनं मारते आणि पोहायला धाडते. माय तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मग फणकाऱ्यानं म्हणाली, “तिचं काय जातंय मारायला! तिचा भाऊ कुठं बुडला व्हता?”

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “तू बी भितोस का रे?”

खोटं बोलायची ती उत्तम वेळ होती. पण हातात पुस्तक होतं, आणि श्यामनं तर सगळं कबूल करून टाकलं होतं. मी मान हलवली.

तिनं मारलं नाही. दोन दिवस त्या विषयावर बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तेलाचा रिकामा डबा आणि दोरी घेऊन उभी. “चल.” विहिरीवर चुलतभावानं माझ्या पाठीला डबा बांधला. माय काठावर बसली, पण विहिरीकडं पाठ करून. मी पाण्यात पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, ओरडलो. ती वळली नाही. एकसारखी विचारत होती, “आला का वर? आला का?” चुलतभाऊ दर वेळी म्हणायचा, “आला, काकू.” त्या दिवशी तिनं हा प्रश्न किती वेळा विचारला असेल!

पोहायला यायला मला पुरा महिना लागला. सूर मारणं अजूनही जमत नाही.

‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. वनमाला आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. कितीतरी वर्षांनी तो टीव्हीवर लागला, तेव्हा शेजाऱ्यांकडे जाऊन आम्ही दोघांनी पाहिला. सगळ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माय मात्र ताठ बसलेली.

घरी येताना मी विचारलं, “आवडला नाही का?”

“चांगला हाय की. पण ती बाई नव्हं ती.”

“मग कशी होती ती?”

“सावळी,” माय म्हणाली. “हातात खुरपं असलेली.”