सेल्फ-केटरिंग म्हणजे नक्की कुणाचं केटरिंग?



बँक हॉलिडे जवळ आला की इथल्या मराठी घरांत दोनच विषय: इंडियाची तिकिटं आणि कॉटेज. तिकिटांवर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. दोघांसाठीच्या कॉटेजबद्दल मात्र माझं एक मत आहे. पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

मुलगी युनिव्हर्सिटीत गेल्यावर आम्ही दोघंच पहिल्यांदा पीक डिस्ट्रिक्टमध्ये गेलो, एडेलला. मँचेस्टर-शेफील्ड लाइनवरचं स्टेशन, त्यामुळे गाडी नसली तरी चालतं. पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट याच गावातून सुरू होते. कॉटेज म्हणजे पूर्वीचा दगडी गोठा. एक बेडरूम, लाकडाची शेगडी, छोटंसं किचन, टेबलावर मालकिणीने ठेवलेली शॉर्टब्रेड आणि फ्रिजमध्ये दूध. खिडकीतून समोर किंडर स्काउट. अगदी कॅलेंडरवरचं चित्र!

आम्ही नेहमीप्रमाणे डिकी भरून नेली होती. कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, कणीक, झालंच तर लोणचं. मी रोज सकाळी बूट घालून "जरा वर जाऊन येतो" म्हणून निघायचो. परत आलो की गरम पोळी-भाजी तयार. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अरे, घरी ओटा, इथेही ओटा. फरक एवढाच की इथे खिडकीबाहेर मेंढ्या आहेत."

मी आधी हसलो. मग हसू येईना. ज्या किंडर स्काउटवर मोकळं फिरता यावं म्हणून १९३२ साली माणसं घुसली, त्यातले पाच जण तुरुंगात गेले, तो डोंगर माझी बायको तीन दिवस सिंकसमोरून बघत होती.

आपण म्हणतो, हॉटेलपेक्षा कॉटेज स्वस्त पडते. पडतेच, पण त्या हिशोबात एका माणसाची मजुरी शून्य धरलेली असते. ते माणूस कोण, हे सांगायला नकोच.

कुणी म्हणेल, मग सरळ हॉटेलच घ्या की. नाही. हॉटेलात साडेनऊच्या आत ब्रेकफास्टला हजर व्हावं लागतं, आणि खेड्यातल्या पबचं किचन रात्री लवकर बंद होतं. चिखलाचे बूट शेगडीजवळ वाळत टाकून रात्री अकराला आल्याचा चहा करायची मजा कॉटेजमध्येच. माझं भांडण कॉटेजशी नाहीच, 'सेल्फ' या शब्दाचा अर्थ आपण कसा लावतो त्याच्याशी आहे.

पुढच्या वर्षी आम्ही तिथेच गेलो, पण अटी ठरवून. पोळपाट घरी. दुपारी पाठीवरच्या पिशवीत सँडविच. रात्रीचं मी करणार, तेही एका भांड्यात. पहिल्याच रात्री माझी फोडणी जळली, स्मोक अलार्म कोकलायला लागला, आणि मी खुर्चीवर उभा राहून टी-टॉवेलने वारा घालतोय. बायको शेगडीपाशी पाय पसरून पुस्तक वाचत होती. उठली नाही! मला ते फार आवडलं.

खिचडी खाताना ती सहज म्हणाली, "मला सहा महिने आईजवळ जाऊन राहायचंय." आई पुण्यात एकटी. हे तिच्या मनात दोन वर्षं होतं म्हणे. मी विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "बसून बोलायला वेळ कधी होता?" त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत बोलत होतो. ती नंतर जाऊन राहिली, आणि जायलाच हवं होतं.

ज्यांना सुट्टीतही स्वयंपाक करायला मनापासून आवडतं त्यांनी जरूर करावा. पण आवडतं की सवय आहे, हे एकदा विचारा तरी. बुकिंग करताना आपण व्ह्यू बघतो, पार्किंग बघतो, वायफाय बघतो. त्यात एक प्रश्न वाढवा: तिथे ओट्यापाशी कोण उभं राहणार? उत्तर घरच्यासारखंच असेल तर पैसे वाचवा, घरीच बसा.

आणि हो, फोडणीच्या आधी खिडकी उघडा.

चूभूद्याघ्या.