‘लपवण्यासारखे आहे तरी काय?’

स्मार्टफोनमधील सुरक्षादोषांचा विषय आमच्या प्राध्यापक-कक्षात निघाला, तर तो फार काळ टिकत नाही. वृत्तपत्रात एखाद्या नव्या दोषाची बातमी आलेली असते, कोणीतरी ती मोठ्याने वाचतो आणि मग हमखास एक वाक्य येते : ‘माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखे आहे तरी काय?’ यावर सारे हसतात, चहा येतो आणि विषय संपतो. हे वाक्य उच्चारणारी माणसे अडाणी नाहीत; संहितेची चिकित्सा कशी करावी हे शिकवण्यातच त्यांचे आयुष्य गेलेले आहे. म्हणून या वाक्याचीही थोडी चिकित्सा करून पाहावी, असे वाटते. सामान्य ग्राहकाला सुरक्षेची फिकीर नाही, असा निष्कर्ष त्यावरून सर्रास काढला जातो. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

प्रथम २०१५ सालचे एक उदाहरण घेऊ. अँड्रॉइड प्रणालीत चित्रफिती हाताळणारा जो भाग आहे, त्याचे नाव ‘स्टेजफ्राइट’. नाटकवाल्यांच्या परिचयाचा हा शब्द. रंगमंचावर पाऊल टाकताना वाटणारी धास्ती. जोशुआ ड्रेक या संशोधकाला या भागात गंभीर दोष आढळले. विशिष्ट रीतीने घडवलेली चित्रफीत एमएमएसने पाठवली, की मालकाने ती उघडण्यापूर्वीच फोनमध्ये परक्याचा शिरकाव होऊ शकत होता. ड्रेक ज्या कंपनीत काम करीत होते, त्या झिम्पेरियमच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ९५ कोटी उपकरणे या धोक्याच्या कक्षेत येत होती. गूगलला ही माहिती एप्रिलमध्ये देण्यात आली आणि गूगलने अवघ्या ४८ तासांत आपल्या मूळ प्रणालीत दुरुस्ती केली. तरीही जुलैअखेर बातमी जाहीर झाली, तेव्हा बहुसंख्य फोनांपर्यंत ती दुरुस्ती पोचलेली नव्हती.

याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक होते. गूगलची दुरुस्ती आधी फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाते. तिने मूळ प्रणालीत स्वतःचे फेरफार केलेले असल्यामुळे ती दुरुस्ती पुन्हा बेतावी लागते. काही देशांत पुढे दूरसंचार कंपनीचीही संमती लागते. विकून झालेला फोन नीट करण्यात कंपनीला काही मिळत नाही. नवा विकण्यात मिळते. त्या ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची प्रथा सुरू केली, हे खरे. पण त्या आपल्या हातातल्या फोनवर येतील की नाही, आणि किती वर्षे येतील, हे कंपनीगणिक आणि किमतीगणिक बदलत राहिले.

ग्राहकाच्या ‘उदासीनते’चा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसतच नसेल, तर चांगल्या गाडीला जादा पैसे मोजायला तो तयार होत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून नाहीसा होतो, असा त्याचा मथितार्थ. फोनचा कॅमेरा दुकानात पाहता येतो, पडदा पाहता येतो. प्रणालीतले भगदाड पाहता येत नाही. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २००९ मध्ये याच्याही पुढे जाऊन असे दाखवले, की सुरक्षाविषयक सल्ल्यांकडे ग्राहक दुर्लक्ष करतो त्यामागे मूर्खपणा नसतो, हिशेब असतो. सल्ला पाळण्यात रोज वेळ जातो. त्यातून टळणारे नुकसान मात्र त्याला कधी दिसत नाही.

येथे भाषेचा मुद्दाही येतो. अशा दुरुस्तीला इंग्रजीत जो मूळ शब्द आहे तो ‘पॅच’, म्हणजे आपले ठिगळ. हा प्रामाणिक शब्द आहे. ठिगळ लावले म्हणजे कापड फाटले होते, हे ओघानेच कबूल होते. ग्राहकाच्या पडद्यावर मात्र ‘अपडेट उपलब्ध आहे’ एवढेच येते. फाटलेले कापड, ते विणणारा, त्याची चूक, सारे त्या शब्दाआड जाते आणि उरते ती जणू एक भेटवस्तू. भेट नको असेल तर ‘नंतर’ म्हणायला कोणाला संकोच वाटेल?

आता दुसरे उदाहरण, फिकीर करणाऱ्या माणसाचे. अहमद मन्सूर हे संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या आयफोनवर दोन संदेश आले. तुरुंगातील छळाविषयी नवी माहिती देण्याचे आमिष त्यांत होते आणि सोबत एक दुवा होता. विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. पण मन्सूर यांनी दुव्याला हात न लावता ते संदेश टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबकडे पाठवले. तपासात आयफोनच्या प्रणालीतील तीन अज्ञात दोष आणि एनएसओ या इस्रायली कंपनीचे ‘पेगॅसस’ हे हेरसाधन उघडकीस आले. काही दिवसांतच ॲपलने जगभरच्या ग्राहकांसाठी दुरुस्ती प्रसृत केली. मजकुरावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कोणी, कशासाठी लिहिला असेल असे विचारणारा एक वाचक, आणि त्यामुळे कोट्यवधी फोन अधिक सुरक्षित झाले. मन्सूर यांना मात्र २०१७ मध्ये अटक झाली आणि २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा.

ही कथा सांगून ‘सावध वाचक व्हा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण २०१९ मध्ये तोही अपुरा ठरला. व्हॉट्सॲपमधील एका दोषाचा उपयोग करून केवळ कॉल लावून पेगॅसस फोनमध्ये शिरवण्यात आले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. व्हॉट्सॲपने सांगितल्याप्रमाणे सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आले आणि त्यांत भारतातील वकील, पत्रकार व कार्यकर्तेही होते; महाराष्ट्रातील भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित वकीलही होते. येथे वाचायला मजकूरच नाही, मग चिकित्सा कशाची करणार? स्टेजफ्राइटचेही तेच होते. ग्राहकाच्या बेसावधपणाची वाट न पाहणारे दोष जेव्हा निपजतात, तेव्हा जबाबदारी वापरणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे सरकते. ती सरकू नये म्हणूनच ग्राहकाच्या उदासीनतेची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते की काय, अशी शंका येते.

जाब विचारणारे ग्राहक झालेच नाहीत असेही नाही. नेदरलँड्समधील ‘कन्सुमेंटनबाँड’ या ग्राहकसंघटनेने २०१६ मध्ये सॅमसंगविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. फोनना पुरेशी वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळाव्यात, एवढीच मागणी होती. २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने ती फेटाळली. पण प्रश्न मिटला नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा-दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे विक्रीपूर्वी जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. युरोपीय संघाने जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांबाबत, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे या दुरुस्त्या उपलब्ध ठेवण्याची अट घातली. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, बिस्किटाच्या पुड्यावरही असते. माझ्या घरातल्या फोनच्या खोक्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना आहे. दुरुस्ती कधीपर्यंत मिळेल ती तारीख नाही.

आता पुन्हा त्या वाक्याकडे वळू. ‘माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखे आहे तरी काय?’ यातला खरा घोटाळा ‘लपवण्यासारखे’ या शब्दाइतकाच ‘माझ्या’ या शब्दात आहे. शिक्षकाच्या फोनमध्ये असते काय? शुल्क भरता येत नाही म्हणून शिक्षण सोडू का, असे विचारणारा एका विद्यार्थ्याचा निरोप. घरच्यांना न सांगता लिहिलेल्या आणि ‘सर, फक्त तुम्हीच वाचा’ म्हणून पाठवलेल्या कविता. वसतिगृहातल्या त्रासाविषयी एका मुलीने रात्री उशिरा लिहिलेले चार परिच्छेद. यातले काहीही माझे नाही. ते माझ्याकडे ठेवायला दिलेले आहे. जुन्या काळी कोणी विश्वासाने लिहिलेले पत्र आपण उघड्या खिडकीत ठेवले नसते, आणि ‘माझे त्यात काय जाते’ असे तर मुळीच म्हटले नसते.

तेव्हा फिकीर करायची ती कशी? आलेले ठिगळ त्याच दिवशी लावावे, हे झालेच. पण एकट्याने सावध राहून भागणार नाही, हे वरील उदाहरणांवरून दिसते. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी दुकानदाराला एक प्रश्न विचारावा : सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? बहुधा त्याला ठाऊक नसेल, तो हसेलही. दहा गिऱ्हाइकांनी विचारल्यावर तो वितरकाला विचारील. ती तारीख खोक्यावर छापून यावी ही मागणी मात्र आपण मोठ्याने करायला हवी. प्राध्यापक-कक्षातून तिचा आरंभ झाला, तर चहा थोडा निवला तरी चालेल.