एका विशेषणाचा खटला

शाळेत असताना मी स्काउट होतो. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि तीन बोटे वर करून घेतलेले वचन. वचनाचा अर्थ त्या वयात कोण पाहतो? आमचे सारे लक्ष दोरीच्या गाठींकडे! अमेरिकेत मात्र स्काउटांच्या वचनातले एक विशेषण थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचले. शब्दांवर पोट भरणाऱ्या मास्तराला ती हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

जेम्स डेल हा न्यू जर्सीचा मुलगा. आठव्या वर्षी स्काउटांत आला, १९८८ साली ईगल स्काउट ही सर्वांत वरची पायरी चढला, पुढे एका पथकाचा सहायक स्काउटमास्तर झाला. कॉलेजात गेल्यावर तो समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे काम उघडपणे करू लागला. १९९० साली वर्तमानपत्रात त्याची मुलाखत छापून आली आणि पाठोपाठ स्काउटांतून काढल्याचे पत्र आले. पथकात त्याने काही गैर केले, असा आरोप नव्हता. तो गप्प बसला असता तर राहिला असता. आणि स्काउटांचे शिक्षण काय, तर खरे बोलावे!

संस्थेचे म्हणणे असे, की वचनात 'मॉरली स्ट्रेट' राहण्याची शपथ आहे, नियमांत 'स्वच्छ' राहण्याची आज्ञा आहे, आणि समलिंगी वर्तन त्यांत बसत नाही. आता 'स्ट्रेट' म्हणजे सरळ, सचोटीचा. 'समलिंगी नसलेला' हा त्याचा बोलभाषेतला अर्थ मागाहून आलेला. वचन त्याच्या कितीतरी आधीचे. या शब्दांत समलिंगीपणाविषयी काहीच नाही, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनीही आपल्या विरोधी निकालपत्रात म्हटले. पण २८ जून २००० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी डेल हरला. कोणाला सामावून घ्यायचे हे संस्थेने ठरवावे, असे बहुमत पडले.

धर्मसंस्था सगळ्या एका बाजूला होत्या असे समजू नका. बहुतेक पथके चर्चच्या आश्रयाने चालत, आणि मॉर्मन व सदर्न बॅप्टिस्ट मंडळींचा विरोध कडवा होता. पण सुधारणावादी ज्यूंच्या समितीने २००१ साली उलट आपल्या प्रार्थनामंदिरांना स्काउटांशी संबंध तोडण्याचा सल्ला दिला. २०१३ साली मतदान होऊन समलिंगी मुलांना प्रवेश मिळाला, प्रौढांना नाही. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा चालतो, आणि अठरावा वाढदिवस उजाडला की तोच चालत नाही! जुलै २०१५ मध्ये हीही बंदी उठली. चर्चच्या पथकांना मात्र आपले नायक आपल्या श्रद्धेप्रमाणे निवडण्याची मुभा राहिली. मॉर्मन चर्च २०१९ अखेर बाहेर पडले. जगभरच्या आपल्या मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम हवा, असे कारण त्यांनी दिले.

ती मुभा मला सर्वस्वी गैर वाटत नाही. आपल्या देवळात पुजारी कोण असावा, हे देवळाने ठरवावे. पण ज्या गावात पथक एकच, आणि तेही चर्चचे, तिथल्या मुलाने मोठे होऊन कुठे जावे?

आमच्या पथकात एक मुलगा होता. त्याला सगळे 'बायल्या' म्हणत. तो कसा होता कोण जाणे. आम्हीच ठरवून टाकले होते. शिबिरात त्याला कोणी तंबूत घेईना. मी त्या वेळी टोळीनायक होतो, आणि माझ्या तंबूत एक जागा रिकामी होती. ती भरली आहे, असे मी सरांना सांगितले.