नकाशा भिंतीवरून उतरवा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिरले की बोलक्या भिंतींवर महाराष्ट्र हमखास भेटतो. भिंत जुनी असली तर त्यात पालघर सापडत नाही. तो जिल्हा 2014 साली झाला. पण ती चूक ब्रशच्या चार फटकाऱ्यांत सुधारता येते. मोठी चूक आहे ती नकाशा उभा करण्यात.

भिंतीवरच्या नकाशात उत्तर आढ्याकडे जाते आणि दक्षिण फरशीकडे. ‘उत्तर दाखव’ म्हटले की पोर बोट वर करते, आणि त्यात त्याचा काय दोष? जळगावच्या चौथीतल्या मुलापुढे तर पेचच उभा राहतो. गिरणा कळवण तालुक्यात उगम पावते, पूर्वेला वाहत येते आणि त्याच्याच जिल्ह्यात उत्तरेला वळून तापीला मिळते. भिंतीवर मात्र ती चढण चढताना दिसते. पाणी उताराला धावते हे त्याने शेताच्या पाटात रोज पाहिलेले असते. अकोल्याच्या मोर्णेचीही हीच गत. आता मुलाने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तक्त्यावर? मार्क तक्त्याला असतात.

तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे काढण्यामागे चांगली दृष्टी होती: आधी आपला परिसर, मग राज्य, मग देश. वर्गात ते सगळे कोऱ्या नकाशात नावे भरण्यावर येऊन थांबते.

नकाशा जमिनीवर अंथरावा, त्यातली उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवावी आणि मुलांना भोवती बसवावे. एवढ्याने निम्मे काम होते. उरलेले पावलांनी करावे. वर्गाची लांबी पावलांनी मोजायची आणि चौकटीच्या वहीत एका पावलाला एक चौकट धरून वर्ग काढायचा. प्रमाण म्हणजे काय, याची व्याख्या मग पाठ करावी लागत नाही. पुढच्या इयत्तेत भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा हाती द्यावा. त्यात 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. आपले गाव, ओढा, पायवाट शोधताना मुले त्यावर अशी वाकतात की मधल्या सुट्टीची घंटाही ऐकू येऊ नये.

हिंगणघाटच्या मुलांना तर जोडीला गोष्टही आहे. 1802 साली मद्रासजवळ भारताची महात्रिकोणमिती मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्टन 1823 मध्ये हिंगणघाटलाच वारला. त्याची कबरही तिथेच आहे. सहलीला यापेक्षा जवळचे आणि स्वस्त ठिकाण कोणते?

मोबाइलमध्ये नकाशा असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. रस्ता दाखवताना मोबाइल नकाशाच फिरवून देतो. दिशा जुळवण्याची मेहनत तो करतो, मूल नाही.

तेव्हा पुढच्या रंगरंगोटीला महाराष्ट्र व्हरांड्याच्या फरशीवर उतरू द्यावा. फक्त आधी उत्तर नीट ठरवावी. उगवत्या सूर्यावर भिस्त नको. डिसेंबरात तो आपल्याकडे पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. अंगणात सरळ काठी रोवून दुपारची सर्वांत आखूड सावली पकडावी. ती उत्तर दाखवते. मात्र हे काम दिवाळीनंतर काढावे. जूनमध्ये, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात तेव्हा, भरदुपारचा सूर्य महाराष्ट्रात माथ्याच्या उत्तरेला असतो आणि तीच सावली दक्षिणेला पडते. त्या भरवशावर रंग लावला, तर कोकण विदर्भाच्या बाजूला जाऊन बसेल.