शेताचा रंग कोण बदलतो?

गोवा ट्रिपमध्ये रस्त्याकडेच्या भातशेतीची रील तुम्हीही टाकली असेल. ते शेत उद्या तिथे असेल का, हे मात्र एका नकाशावर ठरतं. प्रादेशिक आराखडा २०२१ हा तो नकाशा. कुठे शेती, कुठे वस्ती, हे त्यात रंगांनी दाखवलंय. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. कारण सांगितलं गेलं, आराखड्यातल्या नजरचुका दुरुस्त करणं. प्रत्यक्षात एकेका प्लॉटचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले.

‘जमीन मालकाची, तुम्हाला काय त्याचं?’ हा प्रश्न चुकीचा नाही. भातात फारसा पैसा नाही, हेही खरं. पण एका शेतात भराव पडला की पावसाचं पाणी शेजारच्या शेतात तुंबतं. मग तोही विकायला बघतो. म्हणून निर्णय प्लॉटपुरता नको, अख्ख्या गावाचा विचार करून हवा. आणि शेत राखणाऱ्याच्या हातात चार पैसेही पडायला हवेत.

तुमच्या भागाचा आराखडा कधी उघडून पाहिलाय? मसुदा जाहीर झाला की हरकती मागवतात. मुदत संपल्यावर स्टोरी टाकून काय उपयोग?