आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रप्रमुखांस खुले पत्र



1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, तरी पैनगंगेच्या दक्षिणेस बेला, जैनथ, तामसी या भागांत मराठी बोलणारी घरे राहिलीच. आणि त्या घरांतील आम्ही काही मंडळी अलीकडे वडीलधाऱ्यांच्या ओव्या, गावोगावच्या कथा, तसेच शेजारच्या प्रधान समाजातील कलावंतांची किकरी या तंतुवाद्यावरील आख्याने लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून पॉडकास्टच्या रूपाने लोकांपुढे ठेवीत आहोत. या उद्योगात जी अडचण आली तिचे निवारण आपल्या केंद्राच्या हाती आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे हा पत्रप्रपंच.

दिवाळीच्या सुमारास, दंडारी नृत्याच्या दिवसांत, एका वयोवृद्ध प्रधान कलावंताचे आख्यान आम्ही मुद्रित केले. ते त्यांना ऐकविले तेव्हा किकरीचा सूर जवळजवळ पाऊण स्वराने उतरलेला, शब्द जड आणि लांबलेले, असा प्रकार निघाला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि गोंडीत एवढेच म्हटले की, हा गाणारा दुसरा कोणी आहे. ध्वनिमुद्रणाच्या ज्या संगणक-प्रणालीची वार्षिक वर्गणी आम्ही भरतो, तिच्या ग्राहक-साहाय्य विभागाकडे मी तपशीलवार अर्ज केला: मोबाइलवर त्याच वेळी केलेले चित्रीकरण बरोबर साठ मिनिटांचे आहे, प्रणालीतील मुद्रण मात्र पासष्ट मिनिटे अठरा सेकंदांचे झाले आहे. उत्तर आले ते असे की, प्रणाली काढून पुन्हा बसवावी, संगणक बंद करून सुरू करावा, आणि इतक्याने न भागल्यास ते मुद्रण पुसून नव्याने करावे. खुलासा मागितला तर तोच मजकूर पुन्हा आला. आणि पुढे मुदत संपल्याच्या सबबीवर तक्रार आपोआप निकाली काढण्यात आली.

उलगडा केला तो आकाशवाणीतूनच निवृत्त झालेल्या एका ध्वनि-अभियंत्याने, दूरध्वनीवरून. मी दोन्ही अवधी सांगताच त्यांनी विचारले, ‘‘यंत्रात आकडा कोणता ठेवला होता, आणि प्रणालीत कोणता?’’ ध्वनिमुद्रणाचे यंत्र दर सेकंदाला आवाजाचे हजारो नमुने घेते. आमच्या यंत्राने ते 48,000 घेतले होते. प्रणालीने ते 44,100 असल्याची नोंद केली. आणि अठ्ठेचाळीस हजारांना चव्वेचाळीस हजार शंभरांनी भागून येणाऱ्या पटीनेच तासाचा अवधी वाढला व सूर खाली आला. एकही नमुना नष्ट झालेला नव्हता. नोंदीतील आकडा दुरुस्त करताच किकरी आपल्या मूळ सुरात वाजू लागली. म्हणजे व्याधीचे निदान माझ्या अर्जातच लिहिलेले होते, तो वाचणारा मनुष्य तेवढा दुसऱ्या बाजूस नव्हता. आणि तिकडून आलेला सल्ला मानला असता तर निर्दोष मुद्रण आम्ही स्वहस्ते पुसून टाकले असते. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

गाऱ्हाणे सांगणाऱ्याच्या भाषेत ते ऐकून घेण्याची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. हैदराबाद संस्थानच्या सेवेत येथे आलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, इतकेच नव्हे तर तिचे व्याकरणही त्यांनी लिहिले. त्याच काळात, 1943 साली, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. आणि 2025 च्या फेब्रुवारीत आपल्याच आकाशवाणीवरील पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये येथील शिक्षक तोडसम कैलाश यांनी संगणकीय साधनांनी रचलेल्या कोलामी गीताचा गौरव झाला. साधने खेड्यापर्यंत पोहोचली आहेत. ती अडली म्हणजे विचारावे कोणाला, हा प्रश्न तेवढा उरला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तेथे मराठीतूनही दाद मागता येते. परंतु ती सोय व्यवहारातील तंट्यासाठी, ध्वनीच्या दोषासाठी नव्हे.

यास्तव माझी विनंती अशी की, ध्वनिमुद्रणाच्या अडचणींचे निवारण करणारा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम आपल्या केंद्राने सुरू करावा. श्रोत्यांनी बिघडलेल्या आवाजाचा लहानसा तुकडा पाठवावा, आपल्या अभियंत्यांनी तो सर्वांना ऐकवून दोष कोठे आहे ते सांगावे, आणि ज्याची अडचण तो ‘दूर झाली’ असे म्हणेपर्यंत ती निकाली काढू नये. पुष्कळ दोष सामान्य असतात. ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरला की जोडणी संभाषणाच्या पद्धतीवर उतरते आणि आवाज टेलिफोनसारखा अरुंद होतो. कित्येक तरुण याचा दोष आपल्या गळ्याला देतात आणि बोलणेच सोडून देतात, हे मी पाहिले आहे. एका वाक्याने त्यांचा उत्साह वाचेल. उत्तरे तेलुगूबरोबर मराठीत आणि गोंडीतही द्यावीत. गोंडी कार्यक्रमांचा आपल्या केंद्राला अनुभव आहेच.

कार्यक्रमाची वेळ मात्र रात्री आठनंतरची असावी. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याआधी आमच्याकडे ऐकायला कोणी मोकळे नसते.



आपला,
बेला मंडलातील एक श्रोता