दावणीचा शेजार

चातुर्मास म्हटला म्हणजे व्रतें, पोथ्या आणि पारणीं आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या चार महिन्यांत लग्नें बंद असतात. तेव्हां ज्यांचें पोट लग्नांवर चालतें, त्यांच्या घरीं हा काळ कसा जातो, याचा विचार आम्हीं साठी उलटेपर्यंत कधीं केला नव्हता. तो करावयास आम्हांस एका घोडीनें लावलें.

आमच्या मळ्यांत नातवंडांच्या हौसेखातर पाळलेलें एक तट्टू आहे. बांधापलीकडे एका घोडेवाल्याचा पत्र्याचा आडोसा असून तेथें वरातीची पांढरी घोडी असते. वैशाखांत जिच्या गळ्यांत घुंगुरमाळ आणि पाठीवर जरीची झूल पाहिली होती, तिच्या भाद्रपदांत बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा झाली. खूर वाढून पुढें वळलेले. अंगावर कित्येक दिवसांत खरारा फिरलेला नाहीं. आमच्या तट्टाला तोबरा चढविला कीं ती दोर ताणून इकडे पाही.

आम्हांस दया आली हें खरें. पण दयेसंगें थोडा अहंकारही आला, हें आज कबूल केलें पाहिजे. धन्याशीं चकार शब्द न बोलतां एके सायंकाळीं आम्हीं भिजविलेल्या हरभऱ्याची भरपूर चंदी तिच्यापुढें ठेविली, आणि पुण्य केल्याच्या समाधानांत जेवलों. रात्रीं दहाच्या सुमारास घोडी पाय झाडूं लागली, वळून वळून पोटाकडे पाहूं लागली, शेवटीं लोळूं लागली. धनी धांवत आला. "गुरुजी, हिला कोणी काय घातलं?" एवढेंच त्यानें विचारलें. आयुष्यभर मुलांकडून खरें वदवून घेणाऱ्या आमच्या तोंडून उत्तर निघण्यास मात्र वेळ लागला.

पशुवैद्य आले. पहाटे घोडीनें लीद टाकली तेव्हां तिघांच्याही जिवांत जीव आला. नंतर त्यांनीं जें सांगितलें, तें प्रत्येक दयाळू गृहस्थानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. घोड्याचें जठर शरीराच्या मानानें लहान. शिवाय त्याला ओकारी होत नाहीं, त्यामुळें पोटांत गेलेलें उलटून बाहेर पडण्याची सोय नाहीं. उपासमार झालेल्या जनावरास एकदम दाणा घातल्यास पोटशूळ तर होतोच. पण रक्तांतील क्षारांचा तोल ढळून कांहीं दिवसांत हृदयही बंद पडूं शकतें. म्हणून आरंभीं दाणा मुळींच नको. वाळविलेला लसूणघास सुमारें अर्धा किलो, दर ४ तासांनीं. स्वच्छ पाणी सदैव. आणि दहाएक दिवसांत हळूहळू वाढ. बादली, खरारा आणि तोबरा हीं दोन्ही जनावरांचीं निराळीं ठेवावीं. एकाचा सांसर्गिक रोग दुसऱ्याच्या दावणीस येण्यास वेळ लागत नाहीं.

उजाडतां उजाडतां धनी म्हणाला, "लग्नं बंद, गुरुजी. वैरणवाला उधार देईना. तुमच्याकडे मागायची लाज वाटली." ज्याला आम्ही निर्दय समजत होतों, तो लाजत होता, आणि तीन महिने शेजारीं असून आम्हीं त्याला एकदाही विचारलें नव्हतें.

जनावरास अन्न, पाणी व निवारा देणें ही धन्याची जबाबदारी आहे, असें १९६० चा प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा सांगतो. समजावूनही धनी ऐकत नसेल तर पशुवैद्यास व पोलिसांस कळविणें हें कर्तव्यच होय. परंतु ती पुढची पायरी. पहिली पायरी शेजाऱ्याच्या दाराची आहे. महाभारताच्या द्रोणपर्वांत, जयद्रथवधाच्या दिवशीं, ऐन रणांत अर्जुनानें बाणानें जलाशय निर्माण केला, आणि श्रीकृष्णानें घोडे सोडून त्यांच्या अंगांतील शल्यें काढलीं, त्यांना लोळूं दिलें, पाणी पाजलें, मगच रथ जोडला. हा प्रसंग आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला. त्यांत पराक्रमच पाहिला. घोड्याला काय हवें हें जाणून, क्रमाक्रमानें सेवा करणारा सारथी आम्हांस त्या पहाटेनंतर दिसला.

आतां लसूणघास आमच्या मळ्यांतला, आणि दोन्ही जनावरांचा खरारा त्याच्या हातचा, असा करार आहे. नालबंद दीड-दोन महिन्यांनीं एकाच खेपेस दोघांचे खूर पाहून जातो. भीक नाहीं, उपकार नाहीं. म्हणून तो टिकला आहे.

कार्तिकांत तुळशीचीं लग्नें लागलीं आणि घोडेवाल्याकडे पहिल्या वरातीची सुपारी आली. घोडीच्या बरगड्या अद्याप दिसत होत्या. त्यानें क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि सुपारी परत केली. घरांत पैशाची निकड असतांना त्यानें हें केलें. आम्हीं त्या रात्रीं चंदी घातली, तेव्हां आमचें कांहींच खर्ची पडलें नव्हतें.